पाय गप्प का बसत नाहीत? एका न दिसणाऱ्या आजाराची साडेतीनशे वर्षं

रात्री अंथरुणात पडून, कानात हेडफोन घालून ऐकत असाल तर आजचा भाग तुमच्यासाठी आहे. आणि ऐकता ऐकता पाय हलत असतील, एकमेकांवर घासले जात असतील, सारखी कूस बदलावीशी वाटत असेल, तर मग नक्कीच आहे.

आज आपण एका आजाराचा इतिहास बघणार आहोत. त्याचं नाव रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम. मराठीत याला सर्वांना माहीत असलेलं एकच असं नाव नाही. तक्रार मात्र ओळखीची आहे. आमच्या यवतमाळकडे बायका म्हणतात, "माहे पाय रातभर वळवळ करून राह्यले." कुणी म्हणतं पोटऱ्यांत मुंग्या चालतात, कुणी म्हणतं हाडाच्या आतून शिरशिरी येते, कुणी म्हणतं पाय तोडून फेकावेसे वाटतात. आणि या सगळ्यांना घरातून मिळणारं उत्तर जवळपास एकच असतं: दिवसभर राबलीस, थकली असशील, झोप.

गंमत म्हणजे झोपायला गेल्यावरच हा त्रास सुरू होतो. त्यामुळे "झोप" हा सल्ला इथे काही कामाचा नाही.

या आजारात बाहेरून बघायला काहीच नसतं. सूज नाही, ताप नाही, एक्स-रेमध्ये काही नाही. डॉक्टरकडे जाता तेव्हा सकाळ असते आणि पाय अगदी शहाण्यासारखे शांत असतात. म्हणजे पुरावा फक्त एक, तो माणूस काय सांगतो ते. म्हणून या आजाराचा इतिहास हा ऐकून घेण्याचा आणि न ऐकण्याचाही इतिहास आहे.

आधी हे नेमकं काय, ते ठरवू

पाय दुखण्याची कारणं शंभर. म्हणून डॉक्टर ठरावीक प्रश्न विचारतात. एक, पाय हलवण्याची अनावर इच्छा होते का, बहुतेक वेळा आत काहीतरी विचित्र जाणवून? दोन, ती बसल्यावर किंवा आडवं झाल्यावर सुरू होते किंवा वाढते का? तीन, उठून चाललं, पाय ताणले की निदान तेवढ्यापुरतं बरं वाटतं का? चार, संध्याकाळी आणि रात्री जास्त होतं का? आणि पाच, हे सगळं दुसऱ्या एखाद्या कारणाने तर होत नाही ना? आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने १९९५ मध्ये पहिले चार निकष नीट मांडले आणि २०१४ च्या सुधारणेत पाचवा स्वतंत्रपणे जोडला.

हा पाचवा प्रश्न आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. पोटरीत गोळा येतो तेव्हा स्नायू दगडासारखा कडक होतो आणि कळ येते. तो वेगळा प्रकार. मधुमेहात तळव्यांची आग होते, ती दिवसाही असते आणि चालून जात नाही. यवतमाळ जिल्ह्यात काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. वर्षानुवर्षं ते पाणी पिऊन हाडं-सांधे आखडतात, आणि ते दुखणं चालल्याने थांबत नाही. सिकलसेलच्या रुग्णांना हातापायांत भयंकर वेदना होतात, त्याही वेगळ्या. वळवळीची खूण ही की उठलं, चार पावलं टाकली की आराम, आणि पुन्हा आडवं झालं की परत सुरू.

म्हणून आपल्या बोलीत जे वेगवेगळे शब्द आहेत ना, वळवळ, शिरशिरी, गोळा, कळ, आग, ते जपून वापरा. डॉक्टरसमोर "पाय दुखतात" एवढंच म्हटलं तर अर्धी माहिती तिथेच हरवते.

१६७२: पहिली नोंद

आता जाऊ इंग्लंडमध्ये. थॉमस विलिस नावाचा डॉक्टर. आधी ऑक्सफर्डला, मग लंडनला. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं जे कडं असतं, त्याला आजही त्याच्याच नावाने ओळखतात. १६७२ मध्ये त्याचा लॅटिन ग्रंथ आला आणि त्यात आपल्या आजाराचं वर्णन आहे. त्याच्या मृत्यूनंतर, १६८५ मध्ये, ते इंग्रजीतही आलं.

विलिसने लिहिलंय त्याचा मतितार्थ असा: काही लोक झोपायला अंथरुणात पडले की लगेच त्यांच्या हातापायांत उसळ्या आणि आचके सुरू होतात, आणि इतकी अस्वस्थता येते की छळाच्या जागी ठेवलेल्या माणसाला झोप यावी तितकीच यांना येते. म्हणजे येतच नाही.

वर्णन साडेतीनशे वर्षांपूर्वीचं आहे, पण आज कुणाला वाचून दाखवलं तर तो म्हणेल, हे तर माझंच चाललंय. विलिसने पेशंटला वेडा ठरवलं नाही की आळशी म्हटलं नाही. त्याने दुखण्याचं मूळ नसांमध्ये आणि मेंदूमध्ये शोधलं. औषध म्हणून अफूचा अर्क वापरला. आज ऐकायला भीतीदायक वाटतं, पण अगदी हट्टी केसेसमध्ये अफूच्या कुळातली औषधं तज्ज्ञ डॉक्टर अजूनही कमी मात्रेत, कडक देखरेखीखाली देतात. म्हणजे म्हातारबाबा अगदीच चुकीच्या वाटेवर नव्हते. त्या काळचा दुसरा लाडका उपाय म्हणजे शरीरातून रक्त काढणं. तो या आजारात किती उलटा पडला असेल, ते थोड्या वेळात कळेलच.

१८६१: "हे सगळं मनाचे खेळ"

पुढची जवळजवळ दोनशे वर्षं या आजाराकडे कुणी फारसं वळून पाहिलं नाही. १८६१ मध्ये थिओडोर विटमाक या जर्मन डॉक्टरने याला लॅटिन नाव दिलं, अँक्झायटास टिबियारम. मराठीत सांगायचं तर नडग्यांची घालमेल. नाव झकास आहे, पण त्याने ते टाकलं हिस्टेरियाच्या खात्यात. एकोणिसाव्या शतकात हिस्टेरिया हा शब्द मुख्यतः बायकांसाठी वापरला जायचा. कारण सापडलं नाही की हिस्टेरिया, विषय संपला.

ही गोष्ट जर्मनीची आणि दीडशे वर्षांपूर्वीची, पण पद्धत जुनी झालेली नाही. "टेन्शन घेतेस म्हणून होतं", "मोबाईल कमी बघ", "वय झालं आता". हे आपण आजही ऐकतो, आणि खरं सांगायचं तर बोलतोही. त्रास बाईचा असेल आणि दिसत नसेल, तर तो मनाचा ठरवायला आपल्याला फार वेळ लागत नाही. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांमध्ये साधारण दुप्पट आढळतो, हे लक्षात घेतलं की या चुकीची किंमत कुणी मोजली ते कळतं.

१९४५: स्वीडनचा माणूस नीट ऐकतो

कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम, स्वीडनचा मेंदूविकारतज्ज्ञ. १९४४ मध्ये त्याने पहिला लेख लिहिला आणि १९४५ मध्ये पूर्ण प्रबंध. "रेस्टलेस लेग्ज" हे नाव त्याचंच. म्हणून या आजाराला विलिस-एकबोम आजार असंही म्हणतात.

एकबोमने नवीन यंत्र वगैरे काही वापरलं नाही. त्याने पेशंटना बसवलं आणि रात्री काय होतं, कधी होतं, कशाने थांबतं, घरात अजून कुणाला आहे, हे विचारलं. अशा असंख्य उत्तरांतून चित्र स्पष्ट झालं. हे एकाच घरात पिढ्यानपिढ्या दिसतं. गरोदरपणात वाढतं. आणि ज्यांच्या शरीरात लोह कमी आहे, त्यांच्यात जास्त दिसतं. वारंवार रक्तदान करणाऱ्यांमध्येही त्याला हे सापडलं.

लोह! इथे गोष्टीला वळण मिळतं.

१९५३ मध्ये स्वीडनच्याच नॉर्डलँडर यांनी अशा पेशंटना शिरेतून लोह दिलं आणि बहुतेकांना आराम पडला. त्यांनी एक फार पुढची गोष्ट सुचवली: रक्ताच्या तपासणीत लोह ठीक दिसत असलं तरी आत, पेशींमध्ये, ते कमी असू शकतं. हे वाक्य मनात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत. कारण पुढची चाळीसेक वर्षं बाकीच्यांनी ते मनात ठेवलं नाही. लोहाचा धागा सुटला तो थेट १९९० च्या दशकात पुन्हा हाती लागला. मग मेंदूचे एमआरआय, पाठीच्या कण्यातल्या पाण्याच्या तपासण्या आणि मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंचा अभ्यास, या तिन्हींतून २००० च्या आसपास एकच गोष्ट समोर आली. या आजारात मेंदूच्या ठरावीक भागात लोह कमी असतं.

आता कळलं, रक्त काढण्याचा जुना उपाय उलटा का? रक्तासोबत लोहच बाहेर जातं.

मुंबईच्या गिरण्या आणि यवतमाळचा कापूस

आता स्वीडनमधून आपल्याकडे येऊ. त्यासाठी काळातही थोडं मागे, १९२८ मध्ये जावं लागेल.

यवतमाळ म्हणजे कापसाचा जिल्हा. १९०३ मध्ये मूर्तिजापूर-यवतमाळ ही छोटी रेल्वेलाईन सुरू झाली, आपली शकुंतला. ती टाकण्यामागचं मोठं कारण कापूसच. इथला कापूस मूर्तिजापूरला जायचा, तिथून मोठ्या लाईनने मुंबईला. आणि मुंबईच्या गिरण्यांमध्ये त्या काळात हजारो बायका कामाला होत्या.

या गिरणी कामगार बायकांमध्ये गरोदरपणात एक जीवघेणा अ‍ॅनिमिया दिसत होता. त्याचा शोध घ्यायला लुसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आली. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये तिने काम केलं. या बायका काय खातात, कशा राहतात, याचा तिने बारकाईने अभ्यास केला. शेवटी यीस्टच्या अर्काने, म्हणजे ब्रेडला लावायच्या मार्माइटने, हा अ‍ॅनिमिया बरा होतो असं तिने दाखवलं आणि १९३१ मध्ये ते छापून आलं. त्या अर्कातला उपयोगी पदार्थ म्हणजे पुढे ज्याला फॉलिक अ‍ॅसिड म्हटलं गेलं तो.

लुसी विल्सचा विषय रक्त होता, पाय नव्हते. पण तिचं काम आपल्या गोष्टीत येतं, कारण सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला मिळणाऱ्या गोळीत दोनच मुख्य गोष्टी असतात: लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड. अर्धी गोळी मुंबईच्या गिरणगावातून आलीय म्हणा ना. पुढे १९७७ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी गरोदरपणातल्या पायांच्या वळवळीचा आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या कमतरतेचा संबंधही मांडला. आज मुख्य भर लोहावरच आहे. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हा त्रास खूप वाढतो आणि बाळंतपणानंतर बहुतेकींचा कमी होतो.

डबा आणि कणगी

भारतात अ‍ॅनिमियाविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला. २०१३ पासून शाळेतल्या मुलामुलींना आठवड्याला निळी गोळी, २०१८ पासून अ‍ॅनिमियामुक्त भारत. आणि तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया निघाला. आधीच्या सर्वेक्षणात हा आकडा ४८ होता. म्हणजे वाढला.

हा मोजला जातो हिमोग्लोबिनवर. इथे एक उदाहरण देतो. घरात पिठाचा डबा असतो आणि कोपऱ्यात ज्वारीची कणगी असते. हिमोग्लोबिन म्हणजे डब्यातलं पीठ, रोजच्या वापरातलं. फेरिटिन म्हणजे कणगीतली ज्वारी, साठवलेली. कणगी रिकामी होत आली तरी काही दिवस डबा भरलेला दिसतो, कारण शरीर कणगी खरवडून डबा भरत राहतं. डबा रिकामा दिसायला लागतो तेव्हा कणगी केव्हाच संपलेली असते.

आता नॉर्डलँडरचं १९५३ चं वाक्य आठवा. वर ठीक, आत कमी. हिमोग्लोबिन नॉर्मल असूनही फेरिटिन कमी असू शकतं. आणि नेहमीच्या सीबीसी तपासणीत फेरिटिन येतच नाही. ते वेगळं सांगून करावं लागतं.

माझ्या आईचं हेच झालं. दर हंगामात कापूस वेचणी, दिवसभर ओट्यात कापूस आणि पाठ वाकलेली, वर घरचं सगळं. रात्री ती ओसरीत येरझारा घालायची. एका दवाखान्यात हिमोग्लोबिन बघून "रक्त चांगलं आहे, वयाचं आहे" असं सांगितलं. काही वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांनी फेरिटिन करायला लावलं, तर कणगीत खडखडाट. उपचार सुरू झाले आणि साधारण तीन महिन्यांत ती रात्री सलग झोपायला लागली. प्रत्येकाचं असंच होईल असं मी म्हणत नाही, पण ही तपासणी आधी झाली असती तर तिच्या कित्येक रात्री वाचल्या असत्या.

किती लोकांचा प्रश्न आहे हा? युरोप-अमेरिकेच्या पाहण्यांत प्रौढांमध्ये ५ ते १० टक्के असे आकडे येतात. बंगळुरूच्या २००७ मधल्या पाहणीत साधारण २ टक्के निघाले. २०११ च्या जनगणनेनुसार यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार. बंगळुरूचाच कमी आकडा धरला आणि फक्त मोठी माणसं मोजली, तरी तीस हजारांच्या वर जातो. हा माझा ढोबळ हिशोब आहे, सर्वेक्षण नाही. पण एवढे लोक रात्री जागे असतील तर ते कुणाच्या तरी घरात आहेत, कदाचित तुमच्या.

खाजकुइली आणि डोपामिन

लोह कमी पडलं की पाय का वळवळतात? मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं. हालचालींवर ताबा ठेवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. ते बनवणाऱ्या एन्झाइमला लोह लागतं. शिवाय दिवसभरात डोपामिनचं काम कमी-जास्त होतं आणि रात्रीकडे ते मंदावतं. रात्रीच त्रास का, याचं एक उत्तर इथे आहे. एक जोडलेली गोष्ट म्हणजे अनुवंशिकता. २००७ मध्ये या आजाराशी संबंधित जनुकांचे पहिले धागे सापडले. एकबोमने घराघरांत जे पाहिलं होतं, त्याला दुजोरा मिळाला.

१९८२ मध्ये तुर्कस्तानच्या सेवकेत अकपिनार या डॉक्टरांनी लिहिलं की लेव्होडोपा दिल्यावर पायांचा त्रास कमी होतो. लेव्होडोपा म्हणजे शरीरात गेल्यावर ज्याचं डोपामिन होतं ते औषध, पार्किन्सनसाठीचं.

आणि इथे आपल्या रानातली एक वेल येते. खाजकुइली! शेंग अंगाला लागली की खाजवून जीव जातो ती. आयुर्वेदात हिला कपिकच्छू म्हणतात आणि बाजारात बिया कवचबीज म्हणून मिळतात. या बियांत लेव्होडोपा असतं, हे मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्ये ते वेगळं काढून दाखवलं. अकपिनारच्या पंचेचाळीस वर्षं आधी.

थांबा! लगेच कवचबीज चूर्ण ऑनलाईन ऑर्डर करू नका. कारण गोष्ट पुढे आहे.

डोपामिनसारखं काम करणाऱ्या औषधांचा नंतर सुकाळ आला. २००५ मध्ये अमेरिकेत रोपिनिरोलला खास या आजारासाठी मान्यता मिळाली आणि टीव्हीवर जाहिराती सुरू झाल्या. काही लोक तर म्हणायला लागले की औषध विकायला कंपन्यांनीच हा आजार तयार केलाय. विलिसने १६७२ मध्ये लिहिलेला आजार, बरं का! पण औषधांबद्दलची शंका अगदीच चुकीची नव्हती. १९९६ मध्येच अमेरिकेच्या अ‍ॅलन आणि अर्ली यांनी दाखवलं होतं की लेव्होडोपा सुरुवातीला जादू करतं, मग हळूहळू त्रास लवकर सुरू व्हायला लागतो. आधी रात्री दहाला, मग संध्याकाळी सहाला, मग दुपारी. पायांत होता तो हातांतही येतो. डोस वाढवला की अजून वाढतो. याला ऑगमेंटेशन म्हणतात. याच गटातल्या नव्या औषधांनीही पुढे हेच होतं आणि काही लोकांना जुगाराची किंवा खरेदीची अनावर ओढ लागते, असंही दिसलं.

म्हणून अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांनी गाडी वळवली. डोपामिनची औषधं आता सरसकट पहिल्या फळीत नाहीत. आधी लोहाची तपासणी, गरज असेल तर लोह, आणि गॅबापेंटिन किंवा प्रीगाबालिनसारखी औषधं. ही सगळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. म्हणजे साडेतीनशे वर्षांनी आपण एकबोम आणि नॉर्डलँडरच्या दाराशी परत आलो.

मग करायचं काय?

पहिलं, चार दिवस लिहून ठेवा. त्रास किती वाजता सुरू झाला, काय जाणवलं, कशाने थांबला, कितीदा उठलात. फोनमध्ये लिहा, नाहीतर व्हॉइस नोट करा. आईला-आजीला लिहिता येत नसेल तर तुम्ही विचारून लिहा. सकाळच्या ओपीडीत हाच तुमचा पुरावा.

दुसरं, डॉक्टरांना स्पष्ट विचारा: फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन तपासायचं का? या आजारात मोठ्या माणसांसाठी फेरिटिन ७५ किंवा त्याखाली असेल, किंवा सॅच्युरेशन २० टक्क्यांखाली असेल, तर लोह देण्याचा विचार करतात. लॅबच्या कागदावर "नॉर्मल" याहून बरंच खाली सुरू होतं, त्यामुळे नुसतं नॉर्मल वाचून कागद घडी करून ठेवू नका. अंगात ताप किंवा संसर्ग असेल तर फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, हेही लक्षात असू द्या.

तिसरं, लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. आपल्या भागात सिकलसेल आहे. ज्यांना वारंवार रक्त चढवलं जातं त्यांच्या शरीरात लोह आधीच साचलेलं असू शकतं, आणि वरून गोळ्या घेतल्या तर धोका. आधी तपासणी, मग गोळी. आणि लोह कमी निघालं तर ते का कमी झालं हेही शोधायला हवं. पाळीत जास्त रक्त जाणं, मूळव्याध, पोटातले जंत, काहीही असू शकतं. किडनीच्या रुग्णांमध्ये, खास करून डायलिसिसवर असलेल्यांमध्ये, पायांची वळवळ खूप दिसते. त्यांनी आपल्या किडनीच्या डॉक्टरांनाच सांगावं.

चौथं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर जेवणावर लगेच चहा नको. चहामुळे लोह अंगी लागत नाही. लिंबू, आवळा, पेरू यांनी मदत होते. गोळीने शौचाला काळी होते, त्याला घाबरू नका. पोट बिघडलं तर गोळी बंद करण्याआधी डॉक्टरांशी बोला, घेण्याची पद्धत बदलता येते.

पाचवं, बाकीची औषधं दाखवा. सर्दीच्या ज्या गोळ्यांनी गुंगी येते, उलटीच्या काही गोळ्या आणि नैराश्यावरची काही औषधं हा त्रास वाढवू शकतात. झोप येत नाही म्हणून सर्दीची गोळी घेणं तर हमखास उलटं पडतं. पण नैराश्याची गोळी एकदम बंद करू नका, फक्त डॉक्टरांच्या कानावर घाला.

सोबत राहायचं तर

हा त्रास मलाही आहे, आईइतका नाही. एकाच घरात चालतो म्हटलं ना! मी सॉफ्टवेअरवाला, रात्रीचे कॉल ठरलेले. तर कॉल मी उभं राहून घेतो. संध्याकाळी पाचनंतर चहा-कॉफी बंद केली. पुण्याहून यवतमाळला ट्रॅव्हल्सने येताना रात्रभर पाय अडकलेले असतात, म्हणून कडेची सीट घेतो, गाडी थांबली की उतरून फिरतो आणि जमलं तर दिवसाचा प्रवास करतो. झोपण्याआधी पोटऱ्या ताणतो, कधी गरम पाणी, कधी गार. जे चालेल ते. डोकं गुंतवणारं काम हाती असलं की वळवळ थोडी विसरली जाते, म्हणून काही लोक रात्री कोडी सोडवतात, काही विणकाम करतात. दारूने मात्र झोपही बिघडते आणि पायही.

यातलं काहीही आजार मुळापासून घालवत नाही. पण रात्रीचे दोन तास वाचले तरी दुसरा दिवस वेगळा जातो. झोप तुटलेला माणूस चिडका होतो, कामात चुकतो, उदास होतो, आणि मग त्याच्या स्वभावाला नावं ठेवली जातात.

आणखी एक. आपल्याकडे सासू-सासऱ्यांचे, आजीचे पाय चेपून द्यायची पद्धत आहे. चेपल्याने या त्रासात खरंच बरं वाटतं, तेवढ्यापुरतं का होईना. पण घरात सगळ्यांचे पाय चेपणाऱ्या बाईला "तुझे पाय कसे आहेत?" असं कितीजण विचारतात? लुसी विल्सने गिरणीतल्या बायकांना त्या काय खातात हे विचारलं. एकबोमने पेशंटना रात्र कशी जाते हे विचारलं. दोघांच्याही शोधाची सुरुवात एका साध्या प्रश्नापासून झाली, आणि तो विचारायला डॉक्टरच असावं लागतं असं काही नाही.

तर आज फोन कराल तेव्हा "जेवलीस का?" च्या पुढे अजून एक प्रश्न जोडा: "रात्री झोप लागते का, पाय शांत असतात का?" उत्तर "वळवळतात" असं आलं, तर हा भाग ऐकवा आणि फेरिटिनची तपासणी करून घ्या. भेटू पुढच्या भागात. तोवर निवांत झोपा!